बेळगाव-खानापूर-निपाणीत गावकामाला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आहे: "नोकरीनिमित्त सात वर्षं पुण्यात होतो, आता बेळगाव तालुक्यातल्या गावी कायमचा परत आलोय. गावातली आंदोलनं, संमेलनं, मंडळांची कामं यांत मनापासून उतरायचं आहे. ओळखी फारशा उरल्या नाहीत आणि कन्नड वाचता येत नाही. सुरुवात कुठून करू?"

सगळ्यात आधी एक गोष्ट करू नका. नवं मंडळ काढू नका. आपल्या भागातल्या कुठल्याही गावात पंच कमिटी, युवक मंडळ, महिला मंडळ, भजनी मंडळ, दूध सोसायटी, शाळेची एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती), स्त्रीशक्ती संघ (महिलांचे बचत गट) आणि बहुतेक ठिकाणी वाचनालय असतंच. माणसांचा तुटवडा नसतो. तुटवडा असतो तो कागद सांभाळणाऱ्या माणसाचा. मोर्चाला तीनशे लोक येतात, निवेदन दिलं जातं, फोटो पेपरात येतो, आणि तीन महिन्यांनी त्या निवेदनाची शिक्का मारलेली प्रत कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पुण्यात नोकरी केलेल्या माणसाला ईमेल, एक्सेल, फाइल यांची सवय असते. त्या सवयीला गावात खरी किंमत आहे. चालू असलेल्या एखाद्या मंडळात जा आणि म्हणा, "पत्रव्यवहार आणि हिशोब मी बघतो." हे काम मागणारा माणूस क्वचितच मिळतो, त्यामुळे नकार येत नाही.

पहिले दोन महिने फक्त हजेरी लावा, पण कधी कुठे जायचं ते गावाच्या कॅलेंडरवरून ठरवा. जून-जुलैमध्ये रोप लावणी आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भाताची सुगी असते, तेव्हा संध्याकाळी सातची बैठक ठेवली तर दमलेली चार माणसं येतात. गावात वार पाळणूक असेल तर त्या दिवशी लोक शेतात जात नाहीत. बैठकीला तो दिवस सगळ्यात चांगला. पक्क्या तारखाही डोक्यात असू द्या: 17 जानेवारीला 1956 च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन, 1 जूनला 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना हिंडलग्यात अभिवादन, 1 नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी) मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिन, वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती आणि नंतरची चित्ररथ मिरवणूक, आणि भाद्रपदातला गणेशोत्सव. बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्य टिळकांच्या उपस्थितीत 1905 साली झेंडा चौकात सुरू झाला, त्यामुळे इथल्या मंडळांची कामाची रीत फार जुनी आहे. ती आधी बघा, मग सुधारणा सुचवा.

भाषेचा प्रश्न कागदावर कसा सोडवायचा

कन्नड वाचता येत नाही ही अडचण खरी आहे, पण तिच्यामुळे अडून बसण्याचं कारण नाही. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकात एक मिसळतात.

पहिली, निवेदन. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे मराठीतलं निवेदन "भाषा चालत नाही" म्हणून परत करता येत नाही. खिडकीवर कुणी नाकारलं तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवा.

दुसरी, माहिती अधिकार. इथे चूक हमखास होते. 2005 च्या कायद्याचं कलम 6(1) सांगतं की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा. म्हणजे निवेदनाला मराठी चालते, पण माहिती अधिकाराचा मराठी अर्ज फेटाळायला अधिकाऱ्याला सबब मिळते. कन्नड येत नसेल तर सरळ हिंदीत लिहा. लिपी आपलीच आहे, कायदाही तुमच्या बाजूने आहे. मिळणारी कागदपत्रं मात्र दप्तरात जशी आहेत तशी, म्हणजे कन्नडमध्येच येतील.

तिसरी, रोजचं वाचन. पूर्ण कन्नड शिकायला वेळ लागेल, पण कन्नड अंक एका संध्याकाळीत येतात आणि त्यांनीच अर्धं काम होतं, कारण शिक्क्यावरची तारीख, आवक क्रमांक, सर्व्हे नंबर, रक्कम हे सगळं अंकांत असतं. दोन आणि तीन आपल्यासारखेच दिसतात. एक म्हणजे खालून उघडं राहिलेलं शून्य, तिथे शिक्का पुसट असला की घोटाळा होतो. सहा, सात आणि नऊ यांवर नवखा माणूस अडखळतो. सोबत काही शब्द पाठ करा: आपलं निवेदन म्हणजे त्यांची 'मनवी', अर्ज म्हणजे 'अर्जी', सभेचं इतिवृत्त म्हणजे 'नडवळी'. ठरावाला 'ठरावु'च म्हणतात, टपालाला 'टपालु'. खिडकीवर उभं राहून "नडवळीची प्रत हवी" एवढं म्हणता आलं की समोरच्याचा सूर बदलतो.

मराठीत कागद मिळावेत ही मागणी न्याय्य आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेल्या संरक्षणांनुसार जिल्हा, तालुका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत अशा भाषकांचं प्रमाण 15 टक्के किंवा अधिक असेल तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हायला हव्यात. पण ही मागणी स्वतंत्र पत्रात करा. नाल्यातला गाळ काढण्याच्या अर्जात ती घातलीत तर गाळ बाजूला राहतो, भाषेच्या मुद्द्यावर मत मागवायला फाइल वर जाते आणि पावसाळा येऊन ठेपतो. कामाच्या अर्जाला पुढचं पान कन्नडमध्ये आणि मागे मराठी असं जोडा. गावात कन्नड शाळेत शिकलेली पोरं असतात, त्यांच्याकडून लिहून घ्या आणि कन्नडच्या शिक्षकांना एकदा दाखवा. यात कुणाचा कमीपणा नाही. ज्या कारकुनाने टिपण लिहायचं त्याच्या हातात वाचता येणारा कागद दिला तर तो कागद पुढे सरकतो.

एक काम धरून दाखवतो: नाल्याचा गाळ

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर शिवारातल्या शेतकऱ्यांना बळ्ळारी नाल्याबद्दल सांगायला नको. शहराचं सांडपाणी, जलपर्णी आणि गाळ यांनी पात्र भरतं, जुलैत पाणी शिवारात शिरतं आणि भाताचं रोप कुजतं. तुमच्या गावात नाला वेगळा असेल, पद्धत हीच.

"नाला साफ करा" असं लिहू नका. मापं लिहा. 30 मीटरचा टेप आणि दर फुटाला रंगाची खूण केलेली दहा फुटी काठी घेऊन तिघांनी जायचं. दर 100 मीटरवर पात्राची रुंदी मोजायची आणि काठी गाळात टाकून जाडी बघायची. समजा 400 मीटर लांबी, सरासरी 4 मीटर रुंदी आणि 0.6 मीटर गाळ निघाला, तर गुणाकार 960 घनमीटर. एका टिपरमध्ये पाच-सहा घनमीटर धरले तर साधारण 160 ते 190 फेऱ्या. हा आकडा अर्जात आला की "माणसं पाठवून बघतो" हे उत्तर देणं अवघड होतं. मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा) किती, त्यांतल्या तुंबलेल्या किती, तेही लिहा. बरेचदा गाळापेक्षा एखादी अरुंद मोरीच पाणी मागे सारते. फोटो एकाच जागेवरून दोनदा घ्या, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा जुलैत, चौकटीत एखादं झाड किंवा खांब कायम ठेवून.

तारखेचं गणित फार महत्त्वाचं आहे. लोक मे महिन्यात निवेदन देतात. तेव्हा अंदाजपत्रक होऊन गेलेलं असतं, निविदेला वेळ लागतो, आणि घाईत जे काम होतं त्यात जेसीबीने काढलेला गाळ काठावरच ठेवतात. पहिल्या मोठ्या पावसात तो परत पात्रात. म्हणून निवेदन जानेवारीत द्या आणि त्यात स्वतंत्र ओळ घाला: "काढलेला गाळ काठावर न ठेवता अन्यत्र हलवावा व जागा आधी निश्चित करावी." गाळ टाकायला जागा नाही हे कारण नेहमी पुढे येतं, तेव्हा ती जागा तुम्हीच शोधून सर्व्हे नंबरासह सुचवा.

अर्ज कुणाला द्यायचा? महापालिका म्हणते पाटबंधारे, पाटबंधारेवाले म्हणतात पंचायत. इथे माहिती अधिकार कामाला येतो. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि जास्तीत जास्त 150 शब्द असा नियम आहे. महाराष्ट्रातल्या मित्राने पाठवलेला नमुना जसाच्या तसा वापरू नका, अर्ज 'अ' नमुन्यात करावा. शुल्क 10 रुपये, पोस्टल ऑर्डर सोयीची. प्रतींचे पानामागे 2 रुपये. "गाळ का काढला नाही?" असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण मागता येते ती दप्तरातली माहिती, खुलासा नव्हे. असं मागा: मागील दोन आर्थिक वर्षांत या नाल्याच्या स्वच्छतेसाठी दिलेल्या कार्यादेशांच्या प्रती, त्या कामाच्या मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, अदा केलेल्या बिलांच्या प्रती, आणि हा नाला कोणत्या विभागाच्या देखभालीत आहे ते दाखवणारी नोंद. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. मोजमाप पुस्तकात 500 मीटर लिहिलंय आणि तुमच्या टेपने 200 भरतं, असं निघालं तर पुढच्या बैठकीला वेगळ्या निवेदनाची गरज उरत नाही.

आता कार्यालयातल्या आवक टपालाच्या खिडकीवर नीट लक्ष द्या, कारण वर्षभराची मेहनत इथे टिकते किंवा जाते. तीन प्रती न्यायच्या. एक कार्यालयाला, एक पोच म्हणून, एक वरिष्ठांना. पोच घेताना शिक्का नुसता गोल नको. त्यावर तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही अशा तिन्ही गोष्टी हव्यात. क्रमांक नंतर टाकतो म्हणाले तर थांबा, नोंदवहीत नोंद होईपर्यंत दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. तिथेच फोटो काढा, घरी येऊन फाइलला लावा, आणि वहीत तारीख, विषय, क्रमांक, पुढे कधी विचारायचं, असे चार रकाने भरा. 15 दिवसांनी जायचं आणि क्रमांक सांगून विचारायचं. जात-उत्पन्न दाखल्यासारख्या ठरलेल्या सेवा असतील तर मुदतीत सेवा देण्याच्या कर्नाटकाच्या 'सकाल' कायद्याखाली मिळणारा पंधरा अंकी क्रमांक मागा. मुदत टळली तर दिवसाला 20 रुपयांप्रमाणे 500 पर्यंत भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण ती मागितली की उशिराची नोंद होते.

नाल्याला भाषा नसते. शेजारचा कन्नड शेतकरी त्याच पाण्यात बुडतो. सह्यांच्या कागदावर दोन्ही नावं असली तर अर्जाचं वजन दुप्पट होतं, आणि हा 'सीमाप्रश्नवाल्यांचा' कागद आहे म्हणून बाजूला टाकता येत नाही. निपाणी भागात तंबाखू उत्पादकांनी 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या मांडला होता. भावाच्या प्रश्नाभोवती माणसं कशी उभी राहतात याचं ते मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे.

वॉर्ड सभा आणि ग्रामसभा

कर्नाटकात आधी वॉर्ड सभा, मग ग्रामसभा. दोन्ही सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हव्यात. गावकरी ग्रामसभेला येतात आणि वॉर्ड सभेकडे दुर्लक्ष करतात, ही मोठी चूक. घरकुलाचे लाभार्थी, गटारं, पथदिवे यांची यादी खालून वर जाते. वॉर्ड सभेत न आलेलं नाव ग्रामसभेत आणणं जड जातं.

तोंडी बोललेलं हवेत विरतं. तीन ओळींची मागणी लिहून न्या: जागा, माप, काय हवं. एक प्रत पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी), एक सभेसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्यांना. सभा संपण्याआधी "हा विषय नडवळीत घ्या आणि वाचून दाखवा" असं म्हणा. आठ-दहा दिवसांनी नडवळीची प्रत घ्या. सभेत सर्वानुमते झालेला विषय प्रतीत नसेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत नोंदवा, सहा महिन्यांनी ओरडून उपयोग नाही. पंचायतीत दाद लागली नाही तर तालुका पंचायतीचे ईओ (कार्यकारी अधिकारी), त्यानंतर जिल्हा पंचायतीचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). सरळ वरच्या दारात गेलात तर कागद फिरून खालीच येतो.

गणपूर्ती नसल्याने सभा रद्द होणं ही नित्याची गोष्ट. त्यावर उपाय स्त्रीशक्ती संघांचा. त्यांची बैठक ठरल्या वारी होते, हजेरी पक्की असते. सभेची वेळ त्यांना सोयीची ठेवायला लावली तर सभागृह भरतं आणि पाण्याचा विषय आपोआप वर येतो.

मोर्चा, धरणं, पोलिसांची परवानगी

परवानगी देणारे बेळगाव शहर आणि आसपासच्या ठाण्यांसाठी पोलीस आयुक्त, तर खानापूर, निपाणी, चिकोडीकडे जिल्हा पोलीस अधीक्षक. अर्ज किमान सात दिवस आधी, ठाण्यात. त्यात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आहे की नाही, आणि पाच जबाबदार माणसांचे फोन. संख्या फुगवून लिहू नका. पाचशे लिहून ऐंशी आले की पुढच्या वेळी तुमच्या कागदाला मोल उरत नाही. नकार तोंडी आला तर लेखी मागा.

आदल्या संध्याकाळी जमावबंदीचा आदेश निघाला आहे का ते बघायलाच हवं. जुन्या कलम 144 च्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 आहे. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण सौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा बंदोबस्त तिकडे लागतो आणि परवानग्या अडकतात. 1 नोव्हेंबरच्या आसपासही तेच. महाराष्ट्रातल्या मंत्र्यांना जिल्ह्यात प्रवेशबंदी केल्याचे प्रसंग घडले आहेत, तेव्हा सभेची सगळी मदार एका मोठ्या पाहुण्यावर ठेवू नका.

दर 25 माणसांमागे एक स्वयंसेवक, हातावर एकाच रंगाची पट्टी. रस्त्याची एक बाजू रुग्णवाहिकेसाठी दोरी धरून मोकळी. आत जाऊन निवेदन देणारी पाच नावं आधीच ठरलेली, त्यांत किमान दोन महिला. हे फाटकावर ठरवायला गेलं की धक्काबुक्की होते आणि पेपरात तीच बातमी येते. प्रसिद्धीपत्रक मराठी आणि कन्नड दोन्ही वृत्तपत्रांना दुपारी चारच्या आत, 150 शब्दांत, मागण्या सगळ्यात वर.

वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, फोन काढून घेतला जाऊ शकतो. अटक झालीच तर 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं बंधनकारक आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महिलांना अपवादात्मक परिस्थितीतच, तीही महिला अधिकाऱ्याकडून आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने अटक करता येते. गुन्हा दाखल झाला की पासपोर्ट आणि सरकारी नोकरीच्या पडताळणीत तो दिसतो आणि तारखा वर्षानुवर्षं चालतात. म्हणून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना परवानगीच्या अर्जावर सही करायला लावू नका. त्यांना हिशोब, भाषांतर, छायाचित्रण द्या. आंदोलन पुढे न्यायला ही पोरं शाबूत राहिली पाहिजेत.

आणि दगड, काळं फासणं, टायर जाळणं यांतलं काहीही आपल्या बाजूने होता कामा नये. एका बसवर दगड पडला की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबतात. त्यात कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली म्हातारी निपाणीत अडकते. तपासल्याशिवाय व्हिडिओ पुढे पाठवू नका, ग्रुपच्या ॲडमिनना हे बजावून ठेवा.

मराठी शाळा

यावर थोडक्यात, पण हे काम सगळ्यात दूरगामी आहे. एका वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुलं असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा जुना निकष. घटनेचं कलम 350-अ याच हक्काचं. पट घसरला की आधी शिक्षक जातो, मग वर्ग. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यात. कोल्हापूर-पुण्याकडे बघून जूनमध्ये पटनोंदणी मोहीम काढली तर वेळ गेलेली असते. मार्चमध्ये अंगणवाडीची यादी घ्या, एप्रिलमध्ये घरोघरी जा. पालक इंग्रजी आणि वाहन, हे दोनच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं (रिक्षाची वर्गणी, संध्याकाळचा इंग्रजी वर्ग) ठरवूनच उंबरा चढा. स्वतःचं मूल त्या शाळेत असेल तर एसडीएमसीत जा, रिकाम्या जागांवर अतिथी शिक्षक मागण्याचा ठराव तिथूनच निघतो.

साहित्य संमेलन: गाव जोडणारा कार्यक्रम

कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांनी मराठी साहित्य संमेलनं भरवून सीमाभागात एक वेगळी परंपरा उभी केली आहे. शेतकरी गाव वर्गणी काढतं, लेखकाला पालखीमागून चालवत आणतं आणि अख्ख्या शिवाराला जेवू घालतं. नवख्या माणसाला गाव कळण्यासाठी याहून चांगली जागा नाही. पहिल्या वर्षी व्यासपीठाजवळ जाऊ नका, भोजन किंवा ग्रंथदिंडी समितीत काम मागा.

तारीख दसऱ्यापर्यंत ठरवा. सुगी संपल्यावरचे रविवार थोडे आणि गावं अनेक, दोन संमेलनं एका दिवशी आली की दोन्हीकडचे श्रोते अर्धे होतात. पाहुण्यांना लेखी पत्र, प्रवासाची सोय आणि मानधनाचा आकडा पहिल्याच फोनवर सांगा.

ग्रंथदिंडी साडेआठला म्हटली तरी नऊशिवाय हलत नाही, हे धरूनच उद्घाटन साडेदहाला ठेवा. मार्ग दीड किलोमीटरहून जास्त नको. लेझीम खेळणारी शाळकरी पोरं रिकाम्या पोटी येतात, त्यांना निघण्याआधी पोहे आणि वाटेत दोन ठिकाणी पाणी द्यायलाच हवं, नाहीतर उद्घाटनाच्या भाषणात पोरं चक्कर येऊन पडतात. सत्कार हे वेळेचं गळकं भांडं. शाली-श्रीफळांची यादी दहावर थांबवा. जेवणानंतर मंडप रिकामा होतो, म्हणून त्या जागी परिसंवाद ठेवू नका, कथाकथन ठेवा. माणसं हात पुसत पुसत येऊन बसतात. कविसंमेलनात दहा कवी, प्रत्येकी पाच मिनिटं. पुस्तकांचे स्टॉल मंडप आणि पंगतीच्या मधल्या वाटेवर लावा. कोपऱ्यात लावले तर विक्रेता पुढच्या वर्षी येत नाही.

पाचशे माणसांचा अंदाज: खुर्च्या दाटीने मांडायला 3500 चौरस फूट, वाटा धरून 4000. मसालेभात, आमटी, शिरा असा बेत असेल तर तांदूळ 55 ते 60 किलो (आपल्याकडे भात जास्त लागतो), डाळ 16-17 किलो, शिऱ्याला रवा 22 किलो आणि साखर तेवढीच. चहाची एक फेरी म्हणजे 45 लिटर: दूध 22, साखर 4 किलो, पूड सव्वा किलो. पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे 40 जार. आचाऱ्याला आकडा सकाळी दहाला पुन्हा सांगा, दिंडीतली गर्दी बघून. भात कमी पडला तर तासाभरात दुसरं पातेलं उतरतं, पण शिरा पुन्हा होत नाही, म्हणून तो दहा टक्के जास्त.

आवाजाचे नियम पाळणं जड नाही. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. संमेलन शाळेच्या पटांगणात रविवारी असलं तरी परवानगीत तसा उल्लेख करून घ्या. प्लास्टिक फ्लेक्सवर कर्नाटकात 2016 पासून बंदी आहे, कापडी फलक शिवून घ्या. त्यावर वर्ष छापू नका, तो भाग चिकटपट्टीने लावा, मग तोच फलक चार-पाच वर्षं चालतो. रस्त्यावरच्या कमानीला पंचायतीची किंवा महापालिकेची परवानगी हवीच. व्यावसायिक आस्थापनांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झाल्यापासून (2024 ची दुरुस्ती) रस्त्यावरच्या मराठी फलकांकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं. कार्यक्रमाची कमान म्हणजे दुकानाची पाटी नव्हे, तरी हमरस्त्यावरच्या कमानीवर स्वागताची एक कन्नड ओळ घातली तर सकाळी सातला कमान उतरवण्याचा प्रसंग टळतो. मंडपाच्या आत आपलं सगळं मराठीत असू द्या.

वर्गणीची पावती पुस्तकं क्रमांकित हवीत आणि कुणाला कुठल्या क्रमांकाचं दिलं याची नोंद हवी. न वापरलेली पुस्तकंही परत मोजून घ्यायची. गुगल पे, फोनपे कधीही एखाद्याच्या खासगी खात्यावर नको. मंडळाच्या नावे बँक खातं नसेल तर कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली (1960) नोंदणी करा, किमान सात सदस्य लागतात, आणि खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा. एकाच माणसाच्या सहीने चाललेलं खातं हे चांगली मंडळं फुटण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, मग तो माणूस कितीही प्रामाणिक असो.

आठ दिवसांच्या आत जमाखर्च लिहून देवळाच्या फळ्यावर लावा. वर्गणीदारांची नावं रकमेसह, पन्नास रुपये देणाऱ्याचंही. खर्चात आचारी, मंडप, ध्वनी, मानधन, प्रवास असे वेगळे रकाने. शिल्लक किती आणि ती कुणाच्या ताब्यात, हे शेवटच्या ओळीत. फळा वाचताना कुणी बोट ठेवून विचारलं तर पावती दाखवायची, म्हणून पावत्यांची फाइल त्या आठवड्यात वाचनालयात उघडी ठेवायची. हा फळा तुमच्या अक्षरात लिहिलेला असेल, तर पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीचं बोलावणं तुमच्या घरी येईल.